सहा जणींची ओसरी

पार्थेनॉनच्या शिल्पांचं काय करायचं, यावर ब्रिटन आणि ग्रीस यांचं अजून जमत नाही. २०२३ मध्ये तर याच कारणावरून तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ग्रीक पंतप्रधानांची भेट ऐनवेळी रद्द केली. या बातम्यांत अथेन्सच्या त्याच अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिराचं नाव क्वचितच येतं. पार्थेनॉनची शिल्पं ब्रिटनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी तिथूनही एक स्त्रीमूर्ती काढून नेली. ती नुसती मूर्ती नव्हती, छत पेलणारा खांब होती.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मंदिराच्या दक्षिण ओसरीत खांबांऐवजी सहा मुली उभ्या केल्या होत्या, प्रत्येक सुमारे २.३ मीटर उंच. माणसाच्या आकृतीवर छत ठेवायचं तर मान हीच कच्ची जागा. शिल्पकारांनी मानेमागे जाड वेण्या सोडल्या आणि तिथला दगड सौंदर्याच्या आडून भक्कम केला. पश्चिमेकडच्या तिघींचा भार उजव्या पायावर, पूर्वेकडच्या तिघींचा डाव्यावर. म्हणजे भाराचे पाय बाहेरच्या बाजूला आणि त्यांवरच्या वस्त्राच्या चुण्या खांबावरच्या पन्हळींसारख्या सरळ उतरलेल्या. आतला गुडघा मात्र सहज वाकलेला. आपल्या यादवकालीन मंदिरांत खांबांच्या माथ्यावरचे कीचक पोट पुढे काढून ओझं उघड दाखवतात. इथे ओझ्याचा मागमूस नाही.

या स्त्रिया म्हणजे शिक्षा म्हणून ओझं वाहणाऱ्या गुलाम, ही रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसची कथा अजून सांगितली जाते. मला ती पटत नाही. मूळ मूर्तींचे हात तुटलेत, पण सम्राट हेड्रियनच्या तिव्होलीतल्या प्रासादात सापडलेल्या प्रतिकृतींच्या हातात अर्घ्य द्यायचं पसरट पात्र आहे. ओसरीतल्या मुली पूजेला आलेल्या असाव्यात.

अथेन्सच्या प्रदूषणाने संगमरवराचा पृष्ठभाग खाल्ला, तेव्हा १९७९ मध्ये उरलेल्या पाच जणींना संग्रहालयात हलवून मंदिरात प्रतिकृती बसवल्या. नव्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात त्या ओसरीतल्या क्रमानेच उभ्या आहेत, सहावीची जागा रिकामी ठेवून.

ती सहावी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि परत देण्याचा विषय निघाला की म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं. संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला तो आडवा येतो. पण कायदा संसदेचा आहे, संसद तो बदलू शकते. पार्थेनॉनची वाटाघाट लांबणार असेल तर लांबो. सुरुवात या एका मूर्तीपासून करावी. उजव्या-डाव्या पायांची ती रचना सहा जणींची मिळून आहे, आणि एकटीला वेगळं उभं केलं की ती रचना कोणालाच दिसत नाही.