आपोआप भरणारें पिस्तूल

मुठींतून काडतुसांची पेटी काढून घेतली कीं पिस्तूल रिकामें झालें, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. ही समजूत प्राणघातक आहे. ती चुकीची कां, हें कळण्यास अर्धस्वयंचलित पिस्तुलाची रचना पाहावी लागते. आणि त्यासाठीं अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलेलें कोल्ट पिस्तूल हें उत्तम उदाहरण होय.

फिलिपाइन्समधील लढायांत .३८ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी अपुरी पडते, असा अनुभव त्या सैन्यास आला होता. १९०४ सालच्या प्रयोगांनंतर .४५ इंची गोळीचा आग्रह धरला गेला. पुढें १९०७ सालापासून निरनिराळ्या पिस्तुलांची पारख झाली. तींत जर्मन ल्यूगरहि होतें. अखेरीस सॅव्हेज कंपनीचें एक आणि जॉन ब्राउनिंग यांनीं योजिलेलें कोल्ट कंपनीचें एक, अशीं दोन पिस्तुलें उरलीं. मार्च १९११ मध्यें प्रत्येकांतून ६,००० गोळ्या झाडण्यांत आल्या. सॅव्हेज ३७ वेळां अडखळलें. कोल्ट एकदांहि नाहीं. निवड कोल्टची झाली, आणि १९८५ सालीं बेरेटा पिस्तूल पसंत केलें जाईपर्यंत त्याचें स्थान टिकलें.

न अडखळतां हें पिस्तूल करीत तरी काय होतें? त्याच्या मुठींतील पेटींत सात काडतुसें एकावर एक रचलेलीं असतात. स्लाइड नांवाचें वरचें सरकतें पोलादी आवरण हातानें मागें ओढून सोडलें, कीं सर्वांत वरचें काडतूस नळींत शिरतें. चाप दाबतांच घोडा पडतो व गोळी सुटते. तिच्या धक्क्यानें नळी आणि स्लाइड जोडीनें किंचित् मागें सरतात. गोळी बाहेर पडून दाब उतरला, म्हणजे एका लहानशा दुव्यामुळें नळीचें मागील टोंक खालीं झुकतें आणि स्लाइड मोकळी होते. ती मागें जातांना रिकामें कवच बाहेर फेंकते व घोडा चढविते. स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना नवें काडतूस नळींत ढकलते. पुढील गोळीसाठीं चाप मात्र पुन्हां दाबावा लागतो. म्हणून तें अर्धस्वयंचलित.

आरंभीं सांगितलेल्या समजुतीचें उत्तर येथेंच मिळतें. पेटी काढली तरी नळींत गेलेलें काडतूस जागचें हालत नाहीं. ल्यूगरमध्यें अशा वेळीं ‘भरलेलें’ या अर्थाचा जर्मन शब्द कोरलेला आंकडा वर उचलला जातो. १९३५ सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्यें पेटी काढल्यावर चापच निरुपयोगी होतो. १९११ च्या कोल्टमध्यें यांपैकीं कांहींच नाहीं. एका पिस्तुलाची संवय दुसऱ्यास लावणें म्हणूनच धोक्याचें ठरतें.

पिस्तूल रिकामें करण्याचा क्रमहि याच रचनेवरून ठरतो. नळीचें तोंड निर्धोक दिशेस व बोट चापापासून दूर ठेवून आधीं पेटी काढावी, मग स्लाइड मागें ओढावी, आणि नळी डोळ्यांनीं पाहावी. हा क्रम उलटला, तर एक काडतूस बाहेर पडतें आणि स्लाइड पुढें येतांना पेटींतील दुसरें त्याची जागा घेते. हातीं असतें तें पुन्हां भरलेलें पिस्तूल.

जुनें पिस्तूल निवडणारा त्याचा नेम आणि घडण पाहतोच. पण त्याहूनहि आधीं त्यानें पाहावें तें हें कीं, आपण भरलेलें आहों असें हें यंत्र सांगतें कीं नाहीं. ज्या गुणामुळें कोल्टची निवड झाली, तोच गुण निष्काळजी हातांत घातक ठरतो: भरण्याचें आपलें काम तें कधींच विसरत नाहीं.