मदतनीस आपला, वेतन सार्वजनिक निधीतून

‘स्वीय साहाय्यक’ म्हटले की मंत्रालयातील दालनाबाहेर फायली सांभाळत बसलेली व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. इंग्लंडमध्ये मात्र ‘पर्सनल असिस्टंट’ या शब्दाला गेल्या काही दशकांत आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. अपंगत्व, दीर्घ आजार वा वार्धक्य यांमुळे अंथरुणातून उठणे, स्नान, कपडे बदलणे, स्वयंपाक, घराबाहेर पडणे यांसाठी ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, त्यांनी स्वतः निवडून स्वतः नेमलेला पगारी मदतनीस, असा तो अर्थ होय. पगाराचा पैसा स्थानिक परिषदेकडून येतो. मालक मात्र ती गरजू व्यक्तीच असते. या व्यवस्थेला ‘डायरेक्ट पेमेंट’ म्हणतात. बँकेच्या ग्राहकाला ती लवकर उमगावी, कारण तिचा बराचसा भार एका स्वतंत्र खात्यावर असतो.

ही सोय सहजासहजी मिळालेली नाही. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टनुसार परिषदांना सेवा पुरविता येत असे, परंतु सेवेऐवजी रोख रक्कम देण्यास मनाई होती. मदतनीस कोण येणार व किती वाजता येणार, हे कार्यालय ठरवी. निजण्याची वेळही त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीपत्रकावर अवलंबून राही. हॅम्पशायरमधील ‘ल कोर्ट’ या निवासगृहातील काही अपंग रहिवाशांनी १९७९ मध्ये ‘प्रोजेक्ट ८१’ हाती घेतला. आमच्या निवासावर जो खर्च होतो तो आमच्या हाती द्यावा, आम्ही आपल्या घरी राहू व मदतनीस नेमू, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याची आडकाठी असल्याने सुरुवातीला पैसा आधी संस्थेकडे आणि तेथून त्यांच्याकडे, असा वळसा घ्यावा लागला. पुढे १९९६ मध्ये कायदा झाला व एप्रिल १९९७ पासून तो अमलात आला. आरंभी ६५ वर्षांखालील व्यक्तींपुरती असलेली ही सवलत २००० मध्ये ज्येष्ठांनाही खुली झाली. इंग्लंडमध्ये आज या व्यवस्थेचा आधार २०१४ चा केअर अ‍ॅक्ट हा आहे.

प्रथम परिषद गरजांचे मूल्यमापन करते. अन्न घेणे, स्वच्छता राखणे, घरात सुरक्षित राहणे अशा ठरावीक दहा बाबींपैकी किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जीवनमानावर मोठा परिणाम होत असेल, तर व्यक्ती पात्र ठरते. नंतर आर्थिक स्थिती पाहिली जाते. २३,२५० पौंडांहून अधिक भांडवल असणाऱ्यास सर्वसाधारणपणे आपला खर्च आपणच करावा लागतो. घरीच राहून मदत घेणाऱ्याच्या बाबतीत राहत्या घराची किंमत त्यात धरली जात नाही. मंजूर रक्कम स्वतंत्र खात्यात किंवा प्रीपेड कार्डावर जमा होते.

येथून पुढचा भाग खरा विचार करण्याजोगा आहे. मदतनीस नेमताच ती व्यक्ती कायद्याने नियोक्ता होते. करखात्याकडे नोंदणी, वेतनातून कर व राष्ट्रीय विम्याची कपात, किमान वेतन, पात्र कर्मचाऱ्यासाठी निवृत्तिवेतन योजना, वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा, देशात काम करण्याचा परवाना तपासणे आणि किमान ५० लाख पौंडांचा नियोक्ता दायित्व विमा, एवढे सारे तिच्या शिरावर येते. ज्याला शर्टाची गुंडी लावण्यास मदत लागते, त्याने हे सर्व सांभाळायचे! म्हणूनच पगारपत्रकाचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपविण्याची वा खातेही तिसऱ्या पक्षाकडून चालवून घेण्याची मुभा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या साह्याशिवाय हा अधिकार अनेकांना कागदावरच राहिला असता.

हिशेबातील एक खाच उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, आठवड्याला २० तास मंजूर झाले आणि दर ताशी १६ पौंड ठरला. वर्षाचे तास १,०४० आणि रक्कम १६,६४० पौंड. परंतु मदतनिसाच्या रजेचे ११२ तास भरपगारी असतात आणि त्या काळात बदली मदतनिसालाही पैसे द्यावे लागतात. म्हणजे वेतन १,१५२ तासांचे. भागाकार केला की ताशी सुमारे १४ पौंड ४४ पेन्स हाती राहतात, आणि त्यातूनच विमा व निवृत्तिवेतनाचा हिस्सा भागवायचा असतो. मंजूर दर म्हणजेच पगार, असे समजून करार करणारा वर्षअखेरीस अडचणीत येतो. रात्रीच्या सोबतीबाबतही दक्षता हवी. केवळ झोपण्यासाठी थांबलेल्या मदतनिसाचे, जाग येऊन प्रत्यक्ष काम केले तेवढेच तास किमान वेतनासाठी मोजावेत, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. तरी करारात रात्रीचा मोबदला स्पष्ट लिहिलेला बरा.

आपल्याकडील वाचकाला प्रश्न पडेल, मग सूनबाईंनाच हा पगार का देऊ नये? एकाच घरात राहणारा जोडीदार वा जवळचा नातलग यांना परिषदेने आवश्यक मानल्याखेरीज या निधीतून वेतन देता येत नाही. वेगळ्या घरी राहणाऱ्या नातलगाला मात्र ही आडकाठी नाही. माया आणि मजुरी यांची सरमिसळ दोघांनाही जड जाते, असा अनुभव बोलून दाखविणारी कुटुंबे आपल्याकडेही थोडी नाहीत.

नियोक्त्याचे निधन झाले तर? दोन वर्षे सेवा झालेल्या मदतनिसाला अशा वेळी कायदेशीर कपात-भरपाई मिळते. म्हणून विमापत्र घेतानाच ती जोखीम त्यात आहे का, हे पाहून ठेवावे. पहिल्या सहा महिन्यांत परिषद एकदा आढावा घेते, पुढे किमान वर्षातून एकदा. पावत्या जपून ठेवाव्या लागतात आणि न वापरलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते.

भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील कलम २४ मध्ये, अधिक आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. योजना आखण्याचे काम शासनांकडे, तेही आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, सोपविले आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकासाठी दरमहा ६०० रुपये ठेवले. ही रक्कम प्रामुख्याने त्या नातलगासाठी आहे, ज्याला घर सोडून रोजगाराला जाता येत नाही.