मांजर साथीने गेल्यावर नवी पिल्लं आणताना

घरचं मांजर साथीच्या आजाराने गेलं की शेजारीपाजारी हळहळतात, आणि महिना उलटायच्या आत कुणीतरी दोन पिल्लं आणून दारात उभं राहतं. ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात तर पिल्लांचा तोटा कधीच नसतो. खाली पेढी, वर राहतं घर, गच्चीला गच्ची लागलेली. एकीकडे व्यालेली मांजरी आठवडाभरात पिल्लं तोंडात धरून दुसऱ्याच घराच्या माळ्यावर नेऊन ठेवते. समोर आलेल्या जिवाला नाही म्हणवत नाही, हे मला कळतं. तरी त्याला उचलून आत घेण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: आधीचं मांजर नेमकं कशाने गेलं?

नुसतं ‘साथ होती’ म्हणून भागत नाही. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू शरीराबाहेर काही तासांत मरतो. त्या घरात जागेपेक्षा मागे राहिलेल्या मांजराची काळजी जास्त: त्याची रक्ततपासणी झाल्याशिवाय पिल्लं त्याच्यासोबत ठेवू नयेत. सर्दी-शिंकांच्या आजारातला हर्पिसचा विषाणूही साधारण दिवसभरातच संपतो; कॅलिसी मात्र आठवडाभर, कधी महिनाभरही तग धरतो. पण जुलाब, उलट्या, ताप आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळणं असं चित्र असेल, तर तो पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे बोलीत मांजरांचा पार्वो. खरी धास्ती याचीच. घरात, सावलीत हा विषाणू वर्षभर टिकतो. आजारी मांजराच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि चपलांच्या तळव्यांवरून, हातांवरून, वाडग्यांवरून फिरतो. माणसाला तो बाधत नाही, पण माणूस त्याला घरोघरी पोचवतो.

आपली पहिली धाव फिनेलकडे. त्याने पार्वो मरत नाही, आणि फिनेल मांजराला विषारी असतं. स्पिरिट, हाताचं सॅनिटायझर यांचाही उपयोग नाही. मे महिन्यातल्या ग्वाल्हेरच्या उन्हात गादी टाकली की सगळं जळून जाईल असं वाटतं, पण ५६ अंशांची उष्णता अर्धा तास सोसणारा हा विषाणू आहे. गादी, गोधडी, पोत्याचं अंथरूण, लाकडी खोकं हे सरळ टाकून द्यावं. गेलेल्या मांजराचं म्हणून जपून ठेवावंसं वाटतं, तरीही.

चालतं ते ब्लीच. पाच-सहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात साधारण तीस मिली. हे पाणी रोज ताजं करायचं, आणि बाटली उन्हात किंवा गरम जागी ठेवली असेल तर तिचा जोर आधीच गेलेला असतो. त्याआधी फरशी साबणाने घासून स्वच्छ हवी, कारण विष्ठेचा, मातीचा थर असेल तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं. मग पाणी पसरून किमान दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्यायची. सराफ्यातल्या घरांना इथे एक ताकीद. कारखान्यात तेजाब असतं, न्हाणीघरात फरशी धुण्याचं ॲसिड असतं. ब्लीच यांच्यापैकी कशातही मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. चांदीची भांडी, दागिनेही दूर ठेवावेत, ब्लीचने चांदी काळी पडते.

गुळगुळीत फरशीवर हे सगळं नीट जमतं. पण दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० नंतर वाढलेल्या या लष्कर भागातली जुनी घरं दगडी आहेत, आणि वालुकाश्म पाणी पितो. कारागिराच्या बैठकीखालची जागा कितीही झाडली तरी माती धुणाऱ्या झारेकऱ्याला तिथे सोनं सापडतंच. विषाणूही फरशीच्या सांध्यांत तसाच दडून राहतो. म्हणून धुणं दोन-तीनदा करावं, आणि आजारी मांजर ज्या खोलीत होतं ती खोली नव्या पिल्लांना बंदच ठेवावी.

इतकं करूनही घर निर्जंतुक झालं असं मी म्हणणार नाही. धुण्याने विषाणू कमी होतो. पिल्लू वाचवते ती लस. तीही ताबडतोब नाही. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिपिंडं मिळतात, ती पहिले काही आठवडे त्याला राखतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती ओसरत जातात तसे काही दिवस असे येतात, की आजार रोखायला ती अपुरी असतात आणि लस वाया घालवायला मात्र पुरेशी. हे दिवस कधी येतील ते एकाच वेतातल्या दोन पिल्लांचंही सारखं नसतं. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. दोन डोस झाले म्हणून कार्ड कपाटात ठेवून देणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची फार काळजी वाटते. चार आठवड्यांहून लहान पिल्लाला किंवा गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस देऊ नये. पोटातल्या आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूला तिने इजा होऊ शकते.

तेव्हा पार्वो झालेल्या घराला माझा सल्ला सरळ आहे: दोन महिन्यांची पिल्लं आणू नका. चार महिने ओलांडलेलं, सगळे डोस झालेलं पिल्लू किंवा लस झालेलं मोठं मांजर आणा, तेही शेवटच्या डोसनंतर दोनेक आठवडे जाऊ देऊन. घरातलं दुसरं मांजर आजारातून उठलं असेल, तर ते सहा आठवड्यांपर्यंत विषाणू बाहेर टाकत राहू शकतं. तोवर थांबलंच पाहिजे. लहान पिल्लं आधीच ठरली असतील, तर डोस पूर्ण होईपर्यंत ती जिथे आहेत तिथेच, नाहीतर कधी मांजर न राहिलेल्या नातेवाइकांकडे ठेवा.

पिल्लं आल्यावर पहिले दहा दिवस लक्ष ठेवा, कारण संसर्गापासून लक्षणांपर्यंत दोन ते दहा दिवस जातात. पिल्लू खात नाही, पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसतं पण पीत नाही, उलटी करतं, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र काढू नका. कुत्र्यांच्या पार्वोसाठीची चाचणीपट्टी मांजरांच्या विष्ठेवरही चालते, कारण १९७० च्या दशकात कुत्र्यांत आलेला तो विषाणू मांजरांच्या याच विषाणूचा जवळचा नातलग आहे. मात्र लस कधी दिली ती तारीख डॉक्टरांना आधी सांगा. नुकत्याच दिलेल्या लशीनेही पट्टीवर फिकट रेघ उमटू शकते.