क्रोटन हिरवा का पडला?

सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी परवा विचारलं, "लाल-पिवळा क्रोटन आणला होता, आता नवी पानं नुसती हिरवी! खत घालू का?"

खत नको, उजेड द्या. बोळात, समोर इमारत उभी असलेल्या गॅलरीत ऊन पोचतंय कुठे?

पानात हरितद्रव्यासोबत पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड्स आणि लाल अँथोसायनिन असतात. उजेड कमी झाला की झाड लाल रंग बनवणं आवरतं घेतं आणि हिरवा वरचढ होतो.

कुंडी हळूहळू सकाळच्या उन्हाकडे सरकवा. एकदम हलवलीत तर क्रोटन रुसतो, पानं गाळतो. फरक मुख्यतः नव्या पानांत दिसेल.

छाटताना हातमोजे घाला, चिकाने खाज सुटते.

मनी प्लांटचे पिवळे पट्टेही अंधारात असेच फिके पडतात.

तुमच्याकडचं कोणतं झाड रंग बदलतंय? फोटो टाका, बघू.