हललास का? – नाही. हललास का? – नाही.

माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स आहे आणि त्याचं टचपॅड आता म्हातारं झालंय. बोट उजवीकडे न्यावं तर बाण रुसल्यासारखा खाली जातो. शेवटी कंटाळून कोपऱ्यावरच्या दुकानातून एक साधा, वायरवाला माऊस आणला आणि लॅपटॉपच्या कुशीत खोचला. बाण लगेच पळायला लागला. सीडी नाही, ड्रायव्हर नाही, 'पुढे जा'ची बटणं दाबणं नाही.

पण एक गंमत होती. चहाचा कप उचलायला हात काढला आणि परत माऊसवर ठेवला, की माऊस मेलेला! पोटाखालचा लाल दिवा विझलेला. कितीही घासा, बाण ढिम्म. एखादं बटण दाबलं की मात्र दिवा लागे आणि बाण धावू लागे. हलवून उठत नाही, पण टिचकी मारली की उठतो. ही कसली झोप?

बिघाड दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली असती. मी दोन रात्री घालवल्या, कारण वाटेत जे दिसत गेलं ते सोडवेना.

आधी माऊसच्या वायरीचं टोक डोळ्यांजवळ धरा. त्या चपट्या तोंडात चार सोनेरी पट्ट्या दिसतील. आता बारकाईने बघा. कडेच्या दोन लांब आहेत, मधल्या दोन आखूड. फरक साधारण एक मिलिमीटरचा. कडेच्या पट्ट्यांमधून वीज जाते-येते, मधल्या दोन निरोप नेतात. खोचताना लांब पट्ट्या आधी टेकतात, म्हणजे बोलणं सुरू होण्यापूर्वी वीज पोचलेली असते. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि मग विचारपूस करायची, हा आपला रिवाज इथे चक्क पत्र्यात कापून ठेवलाय! यूएसबी नावाच्या या जोडणीची पहिली आवृत्ती 1996 सालची. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींचे म्होरके अजय भट्ट हे मूळचे आपल्या शेजारच्या वडोदऱ्याचे.

बरं, वीज पोचली. पण लॅपटॉपला कळलं कसं, की कुणीतरी आलंय? माऊसने तर अजून तोंडही उघडलेलं नाही.

लॅपटॉपच्या आत निरोपाच्या दोन्ही तारा (एक हिरवी, एक पांढरी) एकेका अवरोधाने, म्हणजे रेझिस्टरने, खाली शून्य व्होल्टकडे ओढून धरलेल्या असतात. माऊसच्या पोटात दीड हजार ओहमचा एक रेझिस्टर असतो. तो यांपैकी एक तार वर खेचतो. बस्स, एवढंच. तार वर गेली, म्हणजे दारात कुणीतरी उभं आहे. आणि कोणती तार वर गेली, त्यावरून आलेल्याचा स्वभावही कळतो. हिरवी गेली तर पाहुणा भरभर बोलणारा, सेकंदाला 1 कोटी 20 लाख बिट. पांढरी गेली तर सावकाश बोलणारा, सेकंदाला 15 लाख बिट. साधा माऊस पांढरीवाला. एकही शब्द न बोलता, काही पैशांच्या रेझिस्टरने त्याने 'आलो' आणि 'मी जरा हळू बोलतो' असं दोन्ही सांगून टाकलं.

लॅपटॉप तरी घाई करत नाही. खोचताना आपला हात थरथरतो, पट्ट्या टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. म्हणून सेकंदाचा दहावा भाग तो गप्प राहतो. तार तेवढा वेळ स्थिर राहिली, तरच दार उघडायचं.

मग सुरू होतो जुन्या पद्धतीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. नव्याने आलेल्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता शून्य असतो. दोन शून्य एकाच वेळी उभे राहिले तर गोंधळ होईल, म्हणून एका वेळी एकालाच आत घेतात आणि त्याला 1 ते 127 मधला एखादा पत्ता देतात. मग प्रश्न. माऊसचं पहिलं उत्तर अवघ्या 18 बाइटचं. त्यात कंपनीचा आकडा (लॉजिटेकचा 1133, मायक्रोसॉफ्टचा 1118), वस्तूचा आकडा, वगैरे. वीज किती खाशील? बहुतेक माऊस म्हणतात, 100 मिलिअँपिअर. काम काय करतोस? उत्तर : वर्ग 3, म्हणजे माणसाच्या हातात राहणाऱ्या वस्तूंपैकी एक.

आणि इथे माऊस जे पुढे करतो, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तो स्वतःच्या भाषेचं व्याकरण सांगतो! जेमतेम पन्नास-साठ बाइटांचं एक टिपण. 'माझ्या निरोपातले पहिले तीन बिट म्हणजे तीन बटणं. पुढचे पाच बिट रिकामे, लक्ष देऊ नका. त्यानंतरचा आकडा आडव्या हालचालीचा, त्यापुढचा उभ्या. कमीत कमी उणे 127, जास्तीत जास्त 127.' म्हणजे माऊस कसा बोलेल हे लिनक्सला आधी कुणी शिकवलेलं नसतं. माऊस येतानाच शब्दकोश घेऊन येतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीचं लिनक्स कालच बाजारात आलेल्या माऊसलाही ओळखतं.

हे नेहमीच असं नव्हतं. 1990च्या दशकात लिनक्सवर माऊस लावायचा तर एका सेटिंगच्या फाईलमध्ये स्वतःच्या हाताने लिहावं लागे, की माऊस कोणत्या दाराला लावलाय, कोणत्या पद्धतीने बोलतो, त्याला मधलं बटण आहे की नाही. एक शब्द चुकला तर समोर बाणच नाही, आणि चूक सुधारायला बाणाशिवायच काम करायचं. यूएसबीच्या माऊसला लिनक्सने खऱ्या अर्थाने घरात घेतलं ते जानेवारी 2001च्या 2.4 आवृत्तीत.

आता बाण हलवू. माऊस उजवीकडे पाच आणि वर दोन पावलं सरकला. तो तीन आकडे पाठवतो : 0, 5, 254. शून्य म्हणजे बटण दाबलेलं नाही. पाच म्हणजे उजवीकडे पाच. आणि 254? एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात, उणेचं चिन्ह लिहायला जागा नाही. म्हणून 255 म्हणजे उणे एक आणि 254 म्हणजे उणे दोन. गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यांचं चाक शून्यावरून मागे फिरवलं तर नऊ-नऊ-नऊ दिसेल, तसंच. इथे खाली अधिक धरतात, म्हणून उणे दोन म्हणजे वर दोन.

हे आकडे माऊसला सुचतात कुठून? तळाशी चक्क एक कॅमेरा आहे. 1999च्या सुमारास बाजारात आलेल्या या प्रकारच्या चकत्यांपैकी, म्हणजे चिपपैकी, एका नमुनेदार चकतीतला कॅमेरा फक्त 18 गुणिले 18, म्हणजे 324 ठिपक्यांचा. फोनच्या कॅमेऱ्यापुढे हसण्यासारखा. पण तो सेकंदाला 1500 फोटो काढतो. लाल दिव्याचा तिरपा उजेड टेबलाच्या बारीक खडबडीतपणावर पडतो, सावल्या उठतात, आणि आतली चकती मागचा फोटो पुढच्याशी ताडून 'नक्षी कुठे सरकली' हे काढते. तुमच्या टेबलाला डोंगर-दऱ्या आहेत आणि माऊस त्यांवरून विमानासारखा फोटो काढत जातो! स्वच्छ काचेवर सावल्याच उठत नाहीत, म्हणून तिथे तो आंधळा.

पण या सगळ्यात मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. आपण समजतो, माऊस हलला की तो लॅपटॉपला सांगतो. चूक! माऊसला स्वतःहून बोलायची परवानगीच नाही. यूएसबीत बोलणं नेहमी लॅपटॉपने सुरू करायचं असतं. म्हणून एसटीत खिडकीशी बसलेलं पोर जसं 'आलं का गाव? आलं का?' करत राहतं, तसा लॅपटॉप माऊसला विचारत राहतो : हललास का? नाही. हललास का? नाही. साधा माऊस म्हणतो, दर 10 मिलिसेकंदांनी विचारा. लिनक्स त्याच्या आतला जवळचा सोयीचा आकडा, म्हणजे 8, धरतं. म्हणजे सेकंदाला 125 वेळा. तासाला साडेचार लाख वेळा. तुम्ही हा लेख वाचताना माऊसला हात न लावता बसला असाल, तरी हजारो नकार पचवून झालेत.

एवढं विचारत बसलं तर लॅपटॉपला दुसरं काही सुचेल कसं? विचारण्याचं काम एका वेगळ्या चकतीकडे सोपवलेलं असतं. 'नाही' आलं तर ती स्वतःशीच ठेवते. 'हललो' आलं, तरच मुख्य प्रोसेसरला हाक मारते.

त्या हाकेपुढचा प्रवास भराभर उरकतो. लिनक्सचा गाभा माऊसचं व्याकरण वापरून तीन बाइटांचा अर्थ लावतो आणि तो एका फाईलमध्ये ओततो. हो, फाईल! लिनक्समध्ये माऊससुद्धा एक फाईल असते. मालकी हक्काने ती वाचायला उघडा आणि माऊस हलवा. काळ्या पडद्यावर अगम्य अक्षरांचा पाऊस पडतो. हात थांबला की पाऊस थांबतो. (जरूर करून बघा, पोरांना दाखवा.) ही फाईल वाचते 'लिबइनपुट' नावाची प्रणाली. हळू हलवलं तर बाण थोडा सरकावा, झटक्यात हलवलं तर लांब जावा, हे गणित तिचं. बटणाचा आतला पत्रा झिजला की एकदा दाबल्यावर तो थरथरून दोनदा टेकतो. तेही ती ओळखते आणि 25 मिलिसेकंदांच्या आतला दुसरा ठोका गिळून टाकते.

आणि बाण नेमका कुठे आहे, हे ठरतं अगदी शेवटी, पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. माऊसला ते कधीच ठाऊक नसतं. त्याला फक्त 'किती सरकलो' एवढंच कळतं, 'कुठे आहे' हे नाही. म्हणून तर टेबल संपलं की आपण तो उचलून पुन्हा मध्ये ठेवतो आणि बाण जिथल्या तिथे राहतो. त्यातही, बाण बहुतेक वेळा पडद्यावरच्या चित्रात नसतोच. ग्राफिक्सची चकती तो एका छोट्या वेगळ्या चौकोनात ठेवते आणि पडद्याकडे चित्र जाताना वर चिकटवते. बाण हलला तरी मागचं चित्र पुन्हा रंगवावं लागत नाही.

तर मग माझा झोपाळू माऊस?

मी तीन ठिकाणी डोकावलो, आणि तुमचाही माऊस रुसला तर याच क्रमाने डोकवा. दिवा लागलाय का, म्हणजे वीज पोचते का? 'एलएसयूएसबी' या आज्ञेने निघणाऱ्या यादीत त्याचं नाव आहे का, म्हणजे कांदेपोहे पार पडले का? आणि 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवून माऊस हलवला तर आकडे पडतात का? माझ्याकडे नाव होतं, पण दिवाही नव्हता आणि आकडेही नव्हते. म्हणजे माऊसची ओळख पटलेली होती, पण त्याला कुणी काही विचारतच नव्हतं.

मग आठवलं. महिन्याभरापूर्वी बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी वीज वाचवणारं एक साधन बसवलं होतं. त्याने 'दोन सेकंद रिकामा बसला की झोपव' हा नियम दिसेल त्या यूएसबी वस्तूला लावून टाकला होता. आणि झोपवायचं कसं, माहीत आहे? यूएसबीत 'झोप' असा निरोपच नाही. लॅपटॉप फक्त बोलायचं थांबतो. तीन मिलिसेकंद तारेवर शांतता पसरली, की उपकरणाने समजायचं, आता झोपायचं. झोपेत अगदी थेंबभर वीज घ्यायची मुभा. तेवढ्या विजेत लाल दिवा जळत नाही. दिवा नाही, तर सावल्या नाहीत. सावल्या नाहीत, तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मी तो टेबलभर घासला तरी आपण हललो हे त्याला कळणार कसं? बटण मात्र दोन धातूंची साधी गाठ. ते आंधळ्यालाही कळतं. आणि झोपलेल्या माऊसला यूएसबीने एक सवलत दिलेली आहे : न विचारता बोलायची. एकच निरोप, 'मला उठवा'.

दुरुस्ती? लिनक्समध्ये ही झोपसुद्धा एक फाईलच आहे. माझ्या माऊसच्या फाईलमध्ये 'ऑटो' असं लिहिलेलं होतं. मी ते खोडून 'ऑन' लिहिलं. दिवा लागला, तो लागलाच. लॅपटॉप बंद केला की हे लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून त्या वीज वाचवणाऱ्या साधनालाही 'माऊसला हात लावू नको' असं बजावून ठेवलंय.