आभासी यंत्र उठत नाहीं तेव्हां

शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४. मुंबई व दिल्ली येथील विमानतळांवर आकासा एअरच्या उतारूंची नोंद त्या दिवशीं हातानें होऊं लागली. इंडिगोच्या कांहीं उतारूंना तर पेनानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें मिळालीं. इंग्लंडांत कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांतून रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या व डॉक्टरांनीं पुन्हां कागद जवळ ओढला. अमेरिकेंतील डेल्टा कंपनीला पुढील पांच दिवसांत सुमारें ७,००० उड्डाणें रद्द करावीं लागलीं. कोठें शत्रूचा हल्ला नव्हता, कीं वीज गेली नव्हती. संगणकांना चोराचिलटांपासून राखणाऱ्या क्राउडस्ट्राइक नांवाच्या कंपनीनें आपल्या गस्तवाल्याला एक नवी यादी पाठविली, ती सदोष निघाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निळा पडदा दाखवून खालीं बसलीं. पुन्हां चालू करावींत, तों पुन्हां बसावींत!

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मुलगा, सून किंवा जांवई, कोणी ना कोणी संगणकाच्या व्यवसायांत आहे. रात्री-अपरात्रीं फोन वाजतो, 'सर्व्हर उठत नाहीं' एवढे शब्द घरच्यांच्या कानीं पडतात, आणि माजघरांतील दिवा उजाडेपर्यंत जळत राहतो. त्या तीन शब्दांचा घरच्यांना उलगडा व्हावा, आणि ज्याच्यावर तो प्रसंग येतो त्याला घाईंत काय करूं नये हें अगोदर ठाऊक असावें, एवढ्यासाठीं हा लेख. अशा वेळीं मूळ बिघाडापेक्षां त्यावर केलेली उतावीळ दुरुस्तीच अधिक नुकसान करते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आजकाल न उठणारें हें यंत्र बहुधा खरें यंत्र नसतेंच. तें असतें आभासी यंत्र, म्हणजे या धंद्यांतील मंडळींचें 'व्हर्च्युअल मशीन'. तें समजून घेण्यास पुण्यांतील जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाडा एक, बिऱ्हाडें अनेक. प्रत्येकाची चूल निराळी, पण जोतें, आड आणि दिंडीदरवाजा सामाईक. त्याचप्रमाणें एका बळकट संगणकाच्या पोटांत दहा-वीस संगणक नांदतात. प्रत्येकाला आपण स्वतंत्र आहों असेंच वाटतें. त्यांना स्मरणशक्ति व डिस्क वांटून देण्याचें काम 'हायपरव्हायझर' हा कारभारी करतो. कल्पना तशी जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत तिचे प्रयोग झाले व १९७२ सालीं 'व्हीएम/३७०' या नांवानें ती बाजारांत आली; साध्या संगणकांवर १९९९ पासून व्हीएमवेअर कंपनीनें ती रुळविली. या बिऱ्हाडाची एक खुबी मात्र वाड्यांतील बिऱ्हाडाला नसते. त्याचा सारा संसार, म्हणजे त्याची डिस्क, ही थोरल्या यंत्रावरील एक फाईल असते. फाईलची नक्कल करतां येते; ती उचलून दुसऱ्या यंत्राला जोडतां येते. हें ध्यानांत ठेवावें, कारण पुढें सारी मदार यावरच आहे.

अपडेट झालें, यंत्र पुन्हां चालू केलें, आणि तें उठलें नाहीं. अशा वेळीं पहिला प्रश्न 'दुरुस्ती कशी करूं' हा नसून 'दोष कोठें आहे' हा असावा. वाड्यांत, दिंडीवर, कीं बिऱ्हाडांत?

शेजारचीं बिऱ्हाडेंही एकाच वेळीं निजलीं असतील तर दोष वाड्याचा. ता. ११ जानेवारी २०२२ रोजीं मायक्रोसॉफ्टनें दिलेल्या अपडेटनंतर कांहीं विंडोज सर्व्हरांवर, विशेषतः २०१२ आर२ या आवृत्तीवर, हायपर-व्ही हा कारभारीच उभा राहीना. आंतील यंत्रें निर्दोष होतीं. पण 'हायपरव्हायझर चालू नाहीं' असा निरोप येऊन एकही उठेना. ज्यांनीं आंतील यंत्रांची चिरफाड आरंभिली त्यांचे श्रम फुकट गेले. थोरल्या यंत्रावरील अपडेट काढून टाकणें हाच उपाय होता, ता. १७ रोजीं कंपनीनें सुधारलेलें अपडेट दिलें. घरच्या लिनक्स संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रकार लहान प्रमाणांत वारंवार भोगावा लागतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला कीं व्हर्च्युअलबॉक्सचा जुना जोडभाग त्याला बसत नाहीं, आणि 'उणे १९०८' हा आंकडा पडद्यावर येतो. तेथें 'व्हीबॉक्सकॉन्फिग' ही आज्ञा देऊन जोडभाग नव्यानें बांधावा. आंतील यंत्र पुसून पुन्हां उभारण्याचें कांहींएक कारण नाहीं.

दिंडीवरचा दोष ओळखण्यास अधिक कठीण. 'सिक्युअर बूट' नांवाचा द्वारपाल आंत येणाऱ्या प्रत्येक बूट-फाईलची मुद्रा तपासतो. ता. १४ फेब्रुवारी २०२३ च्या अपडेटनें विंडोज सर्व्हर २०२२ च्या या फाईली बदलल्या, आणि व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.७ व ७.० या आवृत्त्यांवरील द्वारपालाला नवी मुद्रा पटेना. यंत्र विंडोजपर्यंत पोहोंचतच नसे. येथें गंमत अशी कीं, अपडेट काढून टाकूनही उपयोग नव्हता. एक तर द्वारपालाला कांहीं काळ रजा द्यावी, नाहीं तर वाडाच नव्या आवृत्तीवर न्यावा, असे दोनच मार्ग होते. आठवड्याभरानें, ता. २१ रोजीं, व्हीएमवेअरनें ७.० साठीं दुरुस्त आवृत्ति दिली.

आतां बिऱ्हाडांतील दोष. जुलै २०२४ चा प्रकार या जातीचा. क्राउडस्ट्राइकचा गस्तवाला विंडोजच्या अगदीं गाभ्यांत बसतो आणि यंत्र उठतांनाच कामाला लागतो. नव्या यादीला एकवीस रकान्यांची अपेक्षा होती. प्रोग्राममध्यें मात्र वीसच पुरविलेले. पंगतींत पानें वीस मांडलेलीं आणि वाढपी एकविसाव्या पानावर वाढावयास वांकला, तसा हा प्रकार. पूर्वीच्या खेपांना एकविसाव्या रकान्यांत 'कांहींही चालेल' अशी खूण असल्यामुळें तिकडे कोणी वळलेंच नव्हतें, म्हणून तपासणींत ही चूक लपून राहिली. सामान्य प्रोग्राम असा चुकला तर तो एकटा मरतो; गाभ्यांतला चुकला कीं साऱ्या यंत्राला घेऊन पडतो. यादी आपल्याकडील घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनीं मागें घेतली गेली. अवघीं ७८ मिनिटें! शितावरून भाताची परीक्षा करावी हें आपल्याकडे सासुरवाशिणीलाही सांगावें लागत नाहीं. येथें मात्र सारा भात एकदम वाढला गेला. कंपनीनें यापुढें याद्याही टप्प्याटप्प्यानें सोडण्याचें जाहीर केलें, तें त्यानंतर.

उपाय दिसावयास क्षुल्लक होता: 'सी-०००००२९१' या अक्षरांनीं सुरू होणारी फाईल पुसणें. पण जें यंत्र उठतच नाहीं त्यांतली फाईल पुसावी कशी? टेबलावरच्या यंत्रापाशीं माणसानें प्रत्यक्ष जाऊन तें 'सेफ मोड'मध्यें उठवावें लागे. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली हवी. आणि कांहीं ठिकाणीं त्या किल्ल्या ठेवलेला संगणकही त्याच निद्रेंत होता. किल्ली कागदावर लिहून घरच्या दस्तऐवजांच्या पेटींत ठेवावी, ही सूचना आम्हीं येथेंच करून ठेवतों.

आभासी यंत्राजवळ मात्र कोणी जाऊं शकत नाहीं. तें कोठल्या तरी परदेशच्या वाड्यांत. मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर सेवेंत कांहीं ग्राहकांचीं यंत्रें वारंवार, कोणाचीं पंधरा वेळांपर्यंत, चालू-बंद केल्यावर उठलीं. यांत चमत्कार नव्हता. कोसळण्यापूर्वींच्या क्षणांत दुरुस्त यादी उतरून घेण्याची ती शर्यत होती, आणि एखादे वेळीं ती साधे. खात्रीचा मार्ग निराळा. निजलेल्या यंत्राच्या डिस्कची प्रथम नक्कल घ्यावी. ती नक्कल एखाद्या धडधाकट यंत्राला दुसरी डिस्क म्हणून जोडावी. तेथून ती एक फाईल पुसावी. मग दुरुस्त डिस्क मूळ यंत्राला परत लावावी. मूळ डिस्कला हात लागत नाहीं, म्हणून चुकलें तरी पुन्हां आरंभ करतां येतो. लिनक्सच्या यंत्रांत पुष्कळदां इतकेंही लागत नाहीं. नवें कर्नल उठेना तर आरंभींच्या यादींतून जुनें कर्नल निवडावें. तें बहुधा शाबूत असतें, आणि तें उठल्यावर नव्याची दुरुस्ती निवांतपणें होते.

तिसरा मार्ग सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत जपून वापरावयाचा: आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सारें यंत्र मागें नेणें. यंत्र तत्काळ उठतें, वरिष्ठ प्रसन्न होतात. पण बॅकअप घेतल्यापासून यंत्र निजेपर्यंत जें जें त्यांत लिहिलें गेलें तें सारें जातें. यंत्र पतपेढीचें असेल तर ते भरणे असतात. इस्पितळाचें असेल तर पहाटे दाखल झालेल्या रोग्याला कोणतें औषध किती दिलें याची ती नोंद असते. म्हणून मागें जाण्यापूर्वीं निजलेल्या डिस्कची नक्कल बाजूस ठेवलीच पाहिजे. 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप असाही एक गैरसमज आहे. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्या आधारावर उभा असतो. मूळ गेली कीं तोही गेला. शिवाय तो दिवसेंदिवस फुगतो. एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवूं नये असें व्हीएमवेअरचेंच सांगणें होतें, तें याचसाठीं. त्यानें थोरल्या यंत्राची जागा भरली म्हणजे, आज न बिघडलेलीं बिऱ्हाडेंही उद्यां थांबतात.

यंत्र उठलें, फोन थांबले, चहा झाला, कीं मंडळी निजावयास जातात. त्यापूर्वीं थोडी आवराआवर आहे. रजा दिलेल्या द्वारपालाला दुरुस्त आवृत्ति आल्यावर पुन्हां कामावर रुजू करावयाचें असतें. फेब्रुवारी २०२३ सारख्या प्रसंगानंतर हेंच राहून जातें, आणि दिंडी महिनोन् महिने उघडी असते. घेतलेला स्नॅपशॉट, यंत्र दोन दिवस नीट चाललें कीं, काढावा. आणि मदतीसाठीं जें तात्पुरतें यंत्र भाड्यानें घेतलें त्याचें भाडें तासागणिक चढत असतें. तेंही आठवणीनें परत करावें.