खाडी, तिथी आणि हिवाळी वारा

नवी मुंबईच्या काठाने पसरलेली ठाण्याची खाडी दुरून पाहणाऱ्यास तळ्यासारखी शांत भासते. वाशी, सारसोळे, दिवाळे येथील कोळी लोक पिढ्यानपिढ्या तिच्यात मासे धरीत आले आहेत. भर समुद्रावरील लाटांचा मारा येथवर पोहोचत नाही, हे खरे. परंतु खाडीचा आडोसा असतो तो लाटांपासून, भरती-ओहोटीपासून नव्हे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी ह्यांच्या पातळीत चार ते पाच मीटरांचे अंतर पडते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ते पुष्कळच कमी होते. मासेमारीची रीत त्याप्रमाणे बदलते. डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे. खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहासमोर धरावयाचे, की कोळंबी व लहान मासे पाण्याच्या ओघानेच आत येतात. उधाणाचा जोरदार ओघ डोलीस मानवतो. भांगात पाणी मंद झाले, म्हणजे हाताने फेकावयाचा पाग किंवा गळ ह्यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा कोणत्याही सुशिक्षित कुटुंबास घरबसल्या पडताळून पाहता येईल. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा पूर्ण भरतीचा सुमाराचा तास होय. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. तीच भरती दिवसातून दोनदा येते. खाडीत जसजसे आत जावे, तसतसा तीस थोडा उशीर होतो. हा हिशेब चुकल्यास ओहोटीत होडी चिखलात रुतते, आणि पुढील भरती येईपर्यंत काही तास तेथेच अडकून पडावे लागते.

चंद्राचे गणित असे आधी मांडता येते; वाऱ्याचे तसे नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो व दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. हा क्रम मोडून आभाळ भरून आले व वारा दक्षिणेकडून वाहू लागला, तर हवा पालटल्याचे ते लक्षण समजावे. सन २०१७ मध्ये ३ डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा झाली आणि लगेच ४ व ५ तारखेस ओखी वादळामुळे मुंबई परिसरात अवकाळी पाऊस पडला. उधाण अद्याप ओसरावयाचे होते. अशा वेळी किनाऱ्याकडे लोटणारा वारा पाण्याची पातळी गणितापेक्षाही वर चढवितो.

म्हणून आडोशाच्या पाण्यातही वेधशाळेचा इशारा आला असता होडी काठाशीच बांधून ठेवणे शहाणपणाचे ठरते. पंचांग पाण्याची वेळ सांगते. त्या वेळी पाण्यात उतरावे की नाही, हे मात्र वाऱ्याला विचारूनच ठरवावे लागते.